साखरपाण्यातले खडू

कोपऱ्यावरून वळतानाच द्वारकाबाईंना फळा दिसला आणि हातातली दुधाची पिशवी एकदम जड झाली. नळाचा दिवस होता. पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत नळाचा दिवस म्हणजे लगीनघाई. पाणी कोणत्या क्षणी जाईल याचा नेम नसल्यानं सगळी गल्ली झुंजुमुंजू व्हायच्या आत उठलेली, मोटारी घुरघुरत होत्या, कुणाची तरी टाकी भरून वाहत होती आणि कुणीतरी त्यावरून शिव्या घालत होतं. या धांदलीत 'द्वारका' अशी पाटी असलेल्या त्यांच्याच घराच्या भिंतीवर फळा मात्र नेहमीसारखा नटून बसला होता. चारी कडांना गुलाबी वेलबुट्टी, कोपऱ्यात पणती, आणि मधे पिवळ्या, टपोऱ्या, मास्तरी अक्षरात लिहिलेलं: 'तहान लागलेली बरी, ती माणसाला चालत ठेवते.' खाली उजवीकडे, जरासं तिरकं, 'आप्पासाहेब'. द्वारकाबाईंनी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. वाक्य ओळखीचं होतं. काल संध्याकाळी याच भिंतीच्या आत, बैठकीत, माहेरची नजमा उठता उठता म्हणाली होती, "चहा नको गं द्वारके. तहान लागलेली बरी असती." तिनं एवढंच म्हटलं होतं. पुढचं चालणंबिलणं तिचं नव्हतं, ते मागून शिवलेलं होतं. द्वारकाबाईंच्या पोटातून काहीतरी आंबट वर आलं आणि जिभेच्या मुळाशी येऊन थांबलं. रस्त्यात थुंकायची सवय नव्हती, म्हणून त्यांनी ते गिळलं.

"वहिनी, आज तं सरांनी कमालच केली," फळ्यासमोर उभे असलेले पुंजाराम म्हणाले. हे एसटीतून रिटायर झालेले शेजारी. रोज फिरून आले की फळा मोठ्यानं वाचायचे, एकदा स्वतःसाठी आणि एकदा येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी. "काय वाक्य हाय! तहान लागलेली बरी. आरं वा. कुठून आणतेत सर एवढे इचार?" फळ्याच्या खालच्या कडेवरून मुंग्यांची एक रांग वर चढत होती. 'तहान' या शब्दापर्यंत ती पोचली होती आणि तिथं थबकून अक्षराभोवती गोळा झाली होती. दुपारपर्यंत सगळ्या फळ्यावर मुंग्या होणार, लांबून पाहणाऱ्याला वाक्य वळवळल्यासारखं दिसणार, हे त्यांना माहीत होतं, कारण खडू साखरपाण्यात भिजत घातलेले असतात हेही त्यांनाच माहीत होतं. ती त्यांच्या नवऱ्याची, आप्पासाहेबांची, शाळेपासूनची युक्ती. भिजलेल्या खडूचं अक्षर उठून दिसतं आणि हाताला पुसलं जात नाही. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर महिनाभर ते घरात नुसते येरझारा घालत होते. मग सुताराकडून त्यांनी हा फळा करून घेतला, चौकाच्या बाजूच्या भिंतीला ठोकला आणि त्यांचं जेवण सुधारलं. तेव्हापासून ओट्यावर एक कप कायमचा खडूंचा झाला. तो कप द्वारकाबाईंचा होता, निळ्या फुलांचा, कान तुटला तरी त्यांनी चहासाठी ठेवलेला. आता त्यात गुलाबी-पिवळा चिकट गाळ असायचा, एखादी बुडालेली मुंगी असायची, आणि धुतला तरी वास जायचा नाही. आप्पासाहेबांच्या बोटांनाही तो वास होता. वरणात लिंबू पिळताना, प्रसाद देताना, एखाद्या वेळी पाठीवरून हात फिरवताना तो गोडसर, ओल्या चुन्याचा वास यायचा आणि द्वारकाबाई श्वास धरून ठेवायच्या.

एवढे विचार कुठून आणतात, याचं उत्तर त्या पुंजारामला देऊ शकल्या असत्या. घरातूनच आणायचे. दुसरीकडं जायचं कारणच नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळून 'आता न्यावं बाबा' म्हणत होत्या तेव्हा आप्पासाहेब उशाशी बसून मान डोलवत होते आणि सकाळी फळ्यावर मरणाचं स्वागत कसं करावं ते आलं होतं. मुलगा भांडून पुण्याला निघाला, तेव्हा उंबऱ्यात उभा राहून म्हणाला होता, "या घरात बोललेलं मुरू देत नाहीत, लगेच लोकांना वाढतात." दुसऱ्या दिवशी फळा म्हणाला, 'मुरलेला शब्द लोणच्यासारखा टिकतो.' मुलानं ते पाहिलं नाही. त्याची बस गेली होती. आणि द्वारकाबाईंचं ऑपरेशन झालं, पिशवी काढली, त्या दिवशी गुंगीतून बाहेर येताना त्या कुणाला तरी, बहुतेक कुणालाच नाही, 'रिकामं रिकामं वाटतंय' म्हणाल्या होत्या. घरी आल्यावर भेटायला आलेल्या शेजारणीनं त्यांचा हात हातात घेतला आणि मोठ्या मायेनं म्हटलं, "काकू, रिकामं होणाऱ्यालाच नवं भरता येतं." द्वारकाबाईंना कळेना, ही असं का बोलतेय. मग ती म्हणाली, "सरांनीच तर लिहिलं होतं फळ्यावर. मी उतरून घेतलं." त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा ओकारी आली होती, आणि सगळ्यांनी ती औषधाची समजली.

तेव्हापासून त्या घरात जपून बोलू लागल्या. गॅस संपत आला, दळण आणा, दार ओढून घ्या. पण त्यातूनही निभाव नव्हता. मीठ संपलंय म्हणावं तर मीठ संपल्यावरच मिठाची चव कळते म्हणून चौकात डंका पिटलेला असायचा. त्यांच्या माहेरी, दौलताबादला, म्हणींना तोटा नव्हता. त्यांची आई सारजाबाई तर उठता बसता म्हण टाकायची, पण ती हातातलं काम न थांबवता, आणि अशी की ऐकणाऱ्याच्या वर्मी बसावी. पाव्हण्यानं जेवल्यावर काडीनं दात कोरत स्वतःचं कौतुक सुरू केलं की चुलीपुढून आवाज यायचा, "दात कोरून प्वाट भरत नसतं, पाव्हनं." त्या म्हणीला चटका होता, धूर होता. त्या म्हणीखाली कुणाची सही नव्हती. आप्पासाहेबांच्या वाक्यांना चटका नव्हता. ती कुणालाच लागायची नाहीत, म्हणून तर सगळ्यांना आवडायची. चघळून मऊ केलेला घास दुसऱ्याच्या तोंडात द्यावा तशी ती होती, आणि लोक आ करून उभे राहायचे.

काल नजमा आली ती पेरूंची पिशवी घेऊन. दौलताबादचे पेरू, वरून पिवळे, थोडे डागाळलेले, पण खोली भरून वास. ही नजमा द्वारकाबाईंच्या माहेरच्या भिंतीला भिंत लागून वाढलेली. दोघींच्या वेण्या एकाच आरशात घातलेल्या. नवरा गेल्यापासून किल्ल्याच्या रस्त्याला फळांची टोपली घेऊन बसते. तिच्या नातीला, शगुफ्ताला, नर्सिंगला नंबर लागला होता. कॉलेज पुंडलिकनगरपासून चालत जाण्यासारखं. गावातून रोज बसनं जाणं-येणं पोरीला झेपणार नाही, म्हणून आजी-नात दोघी मिळून शहरात राहायचं म्हणत होत्या. "तुज्या वरची खोली बंदच असती ना गं? आमी दोघीच. भाडं जे आसंल ते," नजमा म्हणाली आणि पदरानं मान पुसत हसली. विचारताना तिला संकोच वाटला नव्हता. द्वारकाबाईंना हेच आता सगळ्यात जास्त टोचत होतं. ती हसत हसत आली होती, माहेरी आल्यासारखी.

आप्पासाहेब सोफ्यावर सरसावून बसले. कुणाला तोंडावर नाही असं त्यांनी उभ्या जन्मात म्हटलं नव्हतं, आणि कालही नाहीच. "नजमाताई, घर म्हणजे काय हो? झाड. पाखरांनी यावं, बसावं," ते म्हणाले. नजमाचा चेहरा उजळला. "पण झाडालाही ऋतू असतो," ते पुढे म्हणाले. "सध्या जरा दिवस कसे आहेत, तुम्ही जाणताच. गल्लीत चार तऱ्हेची माणसं. आमच्या मनात काही नाही, पण चार तोंडांना हात कुणी लावावा? थोडं थांबा. सब्र का फल मीठा होता है, तुमच्यातच म्हणतात ना?" नजमानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. तिनं द्वारकाबाईंकडं पाहिलं, आणि द्वारकाबाईंचं तोंड उघडलं. पुढच्या शब्दाची त्या स्वतःच वाट पाहत होत्या. तोंडातून आलं, "हो गं, सबुरीनं घे." आपला आवाज त्यांनी ऐकला. त्यात आप्पासाहेबांचा तो गोडवा जसाच्या तसा होता. इतकी वर्षं कुणाच्या ताटात जेवलं की जिभेला त्याचंच वळण लागतं की काय कोण जाणे. पण ते दोन शब्द बाहेर पडले आणि नजमा उठली. चहा ओट्यावर उकळत होता. तेव्हाच ती तहानेचं बोलली, चपला पायात सरकवत, अगदी साध्या आवाजात. मग गेली. आप्पासाहेबांनी पिशवीतला एक पेरू उचलला, मिठाला लावून खाल्ला, आणि दातात अडकलेलं बी सेफ्टीपिननं काढता काढता म्हणाले, "तहान लागलेली बरी. वा! केवढं मोठं बोलून गेली बाई. अडाणी माणसाच्या तोंडून कधीकधी असं निघतं बघ." बी निघालं. ते त्यांनी पिनच्या टोकावर धरून पाहिलं आणि पुन्हा तोंडात टाकलं.

खोली बंद असण्याचं कारण वेगळंच होतं, आणि तेही द्वारकाबाईंना माहीत होतं. वरच्या मोरीची नळी बरोबर फळ्याच्या डोक्यावर फुटलेली. मागे एक बँकेतला मुलगा आणि त्याची बायको वर राहायची. बायको भल्या सकाळी भांडी घासायची, आणि राखाडी, तेलकट पाणी नळीतून गळून ताज्या सुविचारावर ओघळायचं. आप्पासाहेब खाली उभे राहून नळीकडं पाहायचे. शेवटी नळी बदलायची सोडून त्यांनी भाडेकरूच काढला. मग नजमाला नकार दिला तो तिच्या नावामुळं की मोरीच्या पाण्यामुळं? द्वारकाबाईंनी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला, आणि दोन्ही बाजूंनी मळमळच वर आली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे आईच्या तोंडचं त्यांना आठवलं. पण पाषाण तरी बरा, तो निदान खातपीत नाही, असं त्यांच्या मनात आलं.

आईचं आठवलं की जात्याचं आठवायचंच. पोलीस ॲक्शनच्या साली द्वारकाबाई जन्माला यायच्या होत्या. फौजा येऊन गेल्या, निजामाचं राज्य गेलं, आणि फौजांच्या मागून गावोगाव माणसं निघाली, जुने हिशेब काढणारी आणि नसलेलेही काढणारी. नजमाची आई वहिदा, तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली पोरगी, परसाच्या दारानं सारजाबाईच्या घरात शिरली. सारजाबाईनं तिच्या कपाळाला आपलं कुंकू लावलं, आपल्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढून तिच्या हातात चढवल्या आणि तिला जात्यापाशी समोर बसवलं. दारात आलेल्यांनी विचारलं, "ही कोण?" सारजाबाई म्हणाली, "भईण हाय. दळू लागाया आलीया." आणि दळत राहिली. दळण संपलं तरी दारातली माणसं हलेनात, म्हणून दोघी कोरडंच जातं फिरवत राहिल्या, दगडावर दगड. त्या जात्याच्या पाळीला पडलेला घासा द्वारकाबाईंनी लहानपणी बोटानं चाचपून विचारलं होतं, हे काय गं? तेव्हा आईनं हे सांगितलं, तेवढंच, आणि म्हणाली, जा, गोवऱ्या आण. त्यातून काय घ्यावं, काय शिकावं, याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. लग्नानंतर एका भोळ्या घडीला द्वारकाबाईंनी ते नवऱ्याला सांगितलं. तेव्हापासून दर सप्टेंबरात, मुक्तिसंग्रामाच्या झेंड्याखाली, आप्पासाहेब ते शाळेच्या पोरांना सांगत आले. जातं, कुंकू, बांगड्या, सगळं क्रमानं. शेवटी आवाज खाली आणून, 'माणुसकीच्या कपाळाला जात नसते,' आणि चष्मा काढून डोळे पुसणं. दरवर्षी त्याच ठिकाणी चष्मा निघायचा. त्या वहिदाची लेक काल त्यांच्या बैठकीतून तहानलेली उठून गेली होती, आणि त्यांनी मीठ लावून तिचा पेरू खाल्ला होता.

"वहिनी, सरांस्नी सांगा बरं का," पुंजाराम म्हणत होते, "हे वाक्य सिमेंटात कोरलं पायजे." आतून आप्पासाहेब फाटक उघडून बाहेर आले होते, हात मागे बांधून, लोकांची तोंडं पाहायला. द्वारकाबाईंच्या तोंडातलं आंबट आता मागे जायला तयार नव्हतं. "ते सरांचं नाय," त्या म्हणाल्या. मुख्याध्यापकाची बायको म्हणून कमावलेली भाषा कुठं गेली त्यांना कळलं नाही. दौलताबादच्या वेशीतली बोली तोंडात आली. "ते माज्या नजमाचं हाय. दौलताबादची नजमा. काल ती खोली मागाया आली व्हती. आमी तिला दिली नाय. च्या ठिवला व्हता, त्यो न पिता ती उठली, तवा म्हणली ती. तिला नाय म्हणायचं आन् तिचंच बोलणं भितीवर लिवायचं. ह्ये असं हाय त्ये वाक्य." मोटारींची घुरघुर चालूच होती. दुधाची पिशवी गळत होती, थेंब थेंब, त्यांच्या पायावर. पुंजारामनं फळ्याकडं पाहिलं, मग सरांकडं, मग आपल्या बुटांकडं. द्वारकाबाईंना वाटलं, झालं, आता काहीतरी तुटलं. छातीतून एक मोकळा श्वास निघाला. आप्पासाहेब मात्र हसत होते. डोकं एका बाजूला कलतं करून, डोळे बारीक करून, चव घेतल्यासारखे ते ऐकत होते. द्वारकाबाईंनी तो चेहरा ओळखला.

दुसऱ्या सकाळी त्यांना फळ्याजवळ जावंसुद्धा लागलं नाही. पुंजारामचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. "घरच्या माणसाने दाखवलेला दोष हाच खरा आरसा!" मग पुन्हा, येणाऱ्यांसाठी. मग, "अहो वहिनी, तुमच्यावरच लिहिलंय! किती मोठं मन म्हणायचं सरांचं!" कुणीतरी टाळी वाजवली. खरोखरच वाजवली. द्वारकाबाई ओट्याला धरून उभ्या राहिल्या. पेरू पिकून मऊ पडले होते, त्यांचा वास आता गोड राहिला नव्हता, नासायला लागला होता, आणि त्यात त्या कपातल्या साखरपाण्याचा वास मिसळला होता. त्यांनी रडावं तर रडण्याचं काहीतरी होईल. शिवी द्यावी तर शिवीचं होईल. गप्प बसावं तर मौनावर आप्पासाहेबांनी किती वेळा लिहिलंय. या माणसाला भांडता येत नव्हतं, त्याला लाज नव्हती, राग नव्हता. त्याच्या तोंडात काहीही घाला, तो ते मऊ करून भिंतीवर काढत होता. उलटी मोरीत झाली, सगळी, सकाळच्या चहासकट. तोंड धुऊन त्या उभ्या राहिल्या तेव्हा डोकं हलकं झालं होतं आणि त्यात एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे खिळ्याला टांगलेली वरची किल्ली. त्या वर गेल्या. खोली झाडली, ओल्या फडक्यानं पुसली, खिडकी उघडी ठेवली. खाली आल्या, पेरूंची पिशवी परसातल्या खताच्या खड्ड्यात रिकामी केली, पायात चपला घातल्या आणि कुणाला काही न सांगता रिक्षानं स्टँडवर गेल्या.

बस छावणीतून बाहेर पडली तसं त्यांनी मनात बोलणं जुळवायला घेतलं. नजमे, चूक झाली तर. चूक कबूल करणाराच, असं पुढं आलं आणि त्यांनी ते तिथंच तोडलं. नजमे, मैत्री म्हणजे. शी. उशीर झाला तरी. हेही नको. जे वाक्य सुरू करावं त्याला दुसऱ्या टोकाला वेलबुट्टी फुटत होती, खाली सही येत होती. खिडकीबाहेर डोंगर आले, किल्ला आला, आणि त्यांच्याजवळ नजमाला सांगायला एक धड वाक्य नव्हतं. शेवटी त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि मुठीतली किल्ली घामेजू दिली.

नजमा दारात बसून पेरू निवडत होती, बरे टोपलीत, डागी बाजूला. द्वारकाबाईंना पाहून ती उठली नाही, पण बाजूचं पोतं झटकून सरकवलं. द्वारकाबाई बसल्या आणि किल्ली पेरूंवर ठेवली.

"कशाची?" नजमानं विचारलं.

"वरच्या खोलीची."

"सर हो म्हणले?"

"इचारलं नाय."

नजमानं एक पेरू उचलला, दाबून पाहिला, डाग्यांत टाकला. "मला भांडणाचं घर नको द्वारके. पोरीला अभ्यास हाय."

"ते भांडत नायत. लिवत्यात," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुजं बोलणं लिवलं त्यांनी फळ्यावर. तहानेचं. लोकांनी वा वा केलं."

नजमानं आणखी एक पेरू निवडून टोपलीत टाकला. मग हळूच म्हणाली, "त्यात काय वा वा करायचं? मला खरंच तहान लागली व्हती गं. दोपहर से एक घोट नव्हता पोटात. पन तुज्या घरचं पानी घशाखाली उतरलं नसतं त्या टायमाला." ती उठून आत गेली आणि तांब्या घेऊन आली. आधी स्वतः प्यायली, वरून, घटाघटा. मग तांब्या पुढं केला. द्वारकाबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि तोंडाला लावून प्यायल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याचं त्यांना काही म्हणायचं नव्हतं.

नजमानं किल्ली उचलली, पदराला पुसली, उलटीसुलटी करून पाहिली. "मोरी हाय का वर?"

"हाय."

"पानी जातं नीट?"

"नाय. नळी फुटकी हाय. सगळं खाली फळ्यावर येतं."

नजमाचा हात थांबला. तिनं मान वर करून द्वारकाबाईंकडं पाहिलं, तशी, जशी लहानपणी त्या एका आरशात पाहायची. "मग गं?"

"मग काय?" द्वारकाबाई म्हणाल्या. "भांडी सकाळीच घासत जा."